पियानोच्या कागदावर मात्रा कोठे दिसते? बीम, स्वरांचे गट आणि ट्रिपलेट

गिरणाकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी,

आपल्या खानदेशात पियानो किंवा कीबोर्ड शिकायला येणारी बरीच मुले आधी हार्मोनियमवर बोटे फिरवून आलेली असतात. त्यांना सूर कळतो, अलंकार पाठ असतात, घरात कोणी ना कोणी भजनाला बसणारे असते, त्यामुळे ठेकाही कानात मुरलेला असतो. तरीही पाच रेघांचा कागद समोर ठेवला की हीच मुले एकेक स्वर सुटा वाचू लागतात. क्रॉचेट म्हणजे एक, क्वेव्हर म्हणजे अर्धा, सेमीक्वेव्हर म्हणजे पाव, असा हिशेब मनात मांडत ती पुढे सरकतात. हिशेब बरोबर येतो, पण वाजवण्याला चाल येत नाही. माझ्या मते दोष मुलांच्या लयीचा नाही. स्वराची किंमत आधी शिकवली जाते आणि स्वरांचा गट सगळ्यात शेवटी, किंवा शिकवलाच जात नाही, हे त्यामागचे कारण आहे. म्हणून हा धागा गटांविषयी काढत आहे.

क्वेव्हर आणि त्याहून लहान स्वर सुटे लिहिले तर त्यांच्या दांडीला शेपट्या असतात. तेच स्वर शेजारी शेजारी आले की शेपट्या काढून दांड्या एका जाड आडव्या पट्टीने जोडतात, तिला बीम म्हणतात. क्वेव्हरला एक पट्टी, सेमीक्वेव्हरला दोन, डेमीसेमीक्वेव्हरला तीन. बीममुळे स्वराच्या कालावधीत तसूभरही फरक पडत नाही. चार सुटे क्वेव्हर जेवढा वेळ घेतात तेवढाच वेळ जोडलेले चार क्वेव्हर घेतात. मग जोडायचे कशासाठी? मात्रा कोठे सुरू झाली आणि कोठे संपली हे डोळ्यांना एका नजरेत कळावे म्हणून. देवनागरीत शिरोरेषा हेच काम करते. मोडी लिहिणारे आधी पानभर रेघ ओढून घेत आणि तिच्याखाली अक्षरे लिहीत जात, त्यामुळे शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याला अर्थावरून ताडावे लागे. देवनागरीत रेघ शब्दापाशी तुटते, म्हणून आपण अक्षरे न जुळवता थेट शब्द वाचतो. बीमही असाच ठरलेल्या जागी तुटतो, आणि ती जागा टाइम सिग्नेचरवरून, म्हणजे सुरुवातीला ४/४ किंवा ६/८ असे लिहिलेल्या मापावरून, ठरते.

४/४ च्या बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या एका मापात) आठ क्वेव्हर आले तर ते दोन-दोनच्या चार गटांत किंवा चार-चारच्या दोन गटांत लिहितात. तिसरा, चौथा, पाचवा आणि सहावा क्वेव्हर मात्र एका पट्टीखाली आणत नाहीत, कारण तसा गट दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेमधली सीमा ओलांडतो आणि बारचा मध्य झाकला जातो. सेमीक्वेव्हर असतील तर एका क्रॉचेटचा एक गट, म्हणजे चारांचा. डेमीसेमीक्वेव्हर असतील तर आठांच्या गटात दांड्यांच्या टोकाची मुख्य पट्टी सलग ठेवून आतल्या पट्ट्या मध्ये तोडण्याची रीत आहे, म्हणजे मात्राही दिसते आणि अर्धी मात्राही.

खरी गंमत ३/४ आणि ६/८ मध्ये आहे. दोन्हींच्या बारमध्ये सहाच क्वेव्हर मावतात. मधल्या सी पासून सी, डी, ई, एफ, जी, ए असे सहा स्वर ओळीने घ्या. ३/४ मध्ये ते दोन-दोनच्या तीन गटांत लिहिले की वजन सी, ई आणि जी वर येते, आणि कानाला चक्क सी मेजरची कॉर्ड ऐकू येते. ६/८ मध्ये तेच सहा स्वर तीन-तीनच्या दोन गटांत येतात, मग वजन सी आणि एफ वर पडते आणि सुरावटीची दिशाच बदलते. स्वर तेच, बोटे तीच, कालावधी तेवढाच. फक्त पट्टी कोठे तुटली यावरून वाजवणाऱ्याचा हात वेगळा पडतो. ३/४ मध्ये सहाही क्वेव्हर एकाच बीमखाली लिहिलेले चालतात, परंतु तीन-तीन तोडलेले चालत नाहीत, कारण ते ६/८ सारखे दिसतात. ६/८ मध्ये मात्रा दोनच असतात आणि प्रत्येक मात्रा टिंब दिलेल्या क्रॉचेटची असते, हे ज्याला एकदा उमगले त्याला 'सहा मोजू की दोन मोजू' हा प्रश्न पुन्हा पडत नाही.

हाच विचार टाय (दोन स्वर जोडून एकच लांब स्वर करणारी वक्र रेघ) आणि विराम यांनाही लागू आहे. ४/४ मध्ये दुसऱ्या मात्रेच्या मध्यावर सुरू होऊन तिसऱ्या मात्रेच्या मध्यापर्यंत टिकणारा स्वर एका क्रॉचेटने लिहिता येईल इतकाच लांब असतो. तरी तो दोन क्वेव्हर टायने जोडून लिहितात, म्हणजे तिसरी मात्रा कोठे सुरू होते ते कागदावर दिसत राहते. ३/४ मध्ये दोन मात्रांची शांतता असेल तर मिनिमचा (दोन क्रॉचेटएवढा) विराम न लिहिता क्रॉचेटचे दोन विराम लिहितात. ६/८ मध्ये मात्रेचा पहिला क्वेव्हर वाजून पुढचे दोन रिकामे असतील तर क्वेव्हरचे दोन विराम वेगवेगळे लिहितात, पण पहिले दोन रिकामे असून तिसरा वाजत असेल तर क्रॉचेटचा एक विराम चालतो. वरवर पाहता हे सोवळे वाटेल, पण यातला प्रत्येक नियम मात्रेची सुरुवात झाकली जाऊ नये यासाठीच आहे.

ट्रिपलेटविषयी, म्हणजे दोनाच्या वेळात बसवलेल्या तीन समान स्वरांविषयी, मी मुद्दाम लिहिलेले नाही. येथे तबल्याची तालीम घेतलेली मंडळी आहेत. त्यांनी आधी बोलावे अशी विनंती आहे.

पांझराकाठ (धुळे)

गिरणाकाठ ताई, लेख आवडला. तबल्याच्या बाजूने लिहितो.

भातखंडे लिपीत, म्हणजे आपल्या शास्त्रीय संगीताच्या स्वरलेखनात, एका मात्रेत एकापेक्षा अधिक स्वर आले की त्यांच्याखाली अर्धचंद्र काढतात, आणि विभाग उभ्या रेघेने तोडतात. आपण बीमचे जे काम सांगितले ते तेथे अर्धचंद्र करतो. पण एक महत्त्वाचा फरक आहे आणि ट्रिपलेट समजण्याची किल्ली त्यातच आहे. भातखंडे लिपीत 'सा' या अक्षराला स्वतःची अशी लांबी नसते. मात्रेत एकटा सा असेल तर तो पूर्ण मात्रेचा, 'सारे' असेल तर प्रत्येक अर्ध्या मात्रेचा, 'सारेग' असेल तर प्रत्येक तिसऱ्या हिश्श्याचा. गटात किती स्वर आहेत यावरून लांबी ठरते, म्हणून तिगुण (एका मात्रेत तीन) लिहायला वेगळे चिन्ह लागत नाही. पाच रेघांच्या लिपीत उलट आहे. तेथे स्वराच्या आकृतीतच लांबी कोरलेली असते आणि ती प्रत्येक पायरीला निम्मी होत जाते: क्रॉचेटचा निम्मा क्वेव्हर, क्वेव्हरचा निम्मा सेमीक्वेव्हर. क्रॉचेटचा तिसरा हिस्सा दाखवणारी आकृतीच त्या लिपीत नाही. म्हणून तीन क्वेव्हर एका बीमखाली लिहून वर ३ हा आकडा द्यावा लागतो.

या ३ चा अर्थ 'दोनाच्या वेळात तीन' असा आहे. आमच्या भाषेत ही आडी लय झाली, म्हणजे दीडपट. शिकवताना ट्रिपलेटला सरसकट तिगुण म्हणतात ते मला पटत नाही. तिगुण मात्रेच्या मानाने असते. आकडा मात्र क्वेव्हरच्या मानाने दिलेला असतो आणि क्वेव्हर आधीच दुगुण आहे. दोनाचे तीन करणे म्हणजे आड. पुढचे आकडेही याच हिशेबाने नीट बसतात. चार सेमीक्वेव्हरच्या वेळात पाच आले, वर ५ लिहिले, तर ते सव्वापट, म्हणजे बहुतेक ठिकाणी ज्याला कुआड म्हणतात ते. चाराच्या वेळात सात आले तर पावणेदोनपट, म्हणजे बिआड. ज्याने हाताने टाळी देत आड आणि कुआड म्हटली आहे, त्याने पियानोच्या कागदावरील ३ आणि ५ पाहून बिचकण्याचे कारण नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

पांझराकाठ भाऊ, आकृतीत कोरलेली लांबी आणि गटावरून ठरणारी लांबी हा भेद आपण फार नेमका मांडला आहे. तो मी वर्गात सांगणार आहे.

तिगुण की आड या बाबतीत मात्र मी दोन्ही नावे ठेवावीत असे म्हणेन. कागदावरचा आकडा आपण म्हणता तसा दोनाशीच तुलना करतो. पण वाजवताना बोट मात्रेशी बांधलेले असते, आधीच्या क्वेव्हरशी नाही. बारच्या पहिल्या मात्रेत दोन क्वेव्हर आणि दुसऱ्या मात्रेत ट्रिपलेट असेल, आणि विद्यार्थी मनात 'क्वेव्हरच्या दीडपट वेग' असा विचार करत बसला, तर तो दुसरी मात्रा हमखास उशिरा पकडतो. त्याला 'एका मात्रेत तीन' एवढेच सांगितले तर हात सरळ पडतो. लिहिणाऱ्याने आड समजून लिहावे आणि वाजवणाऱ्याने तिगुण समजून वाजवावे, असे मला वाटते. जेथे ट्रिपलेट एका मात्रेत न बसता दोन मात्रांवर पसरलेला असतो, म्हणजे दोन क्रॉचेटच्या वेळात तीन क्रॉचेट असतात, तेथे तिगुण म्हणून भागत नाही. तेथे आपली आडच कामी येते.

क्रॉचेटला बीम नसल्यामुळे अशा ट्रिपलेटवर ३ च्या दोन्ही बाजूंना चौकोनी कंस काढतात. बीम असेल तर नुसता आकडा पुरतो.

आकड्यांचा आणखी एक तपशील येथेच नोंदवते. एका क्रॉचेटच्या मात्रेत पाच, सहा किंवा सात समान स्वर बसवायचे असतील तर ते सेमीक्वेव्हरच्या आकृतीतच लिहितात, म्हणजे दोन पट्ट्यांनी. आठ झाले की डेमीसेमीक्वेव्हर, तीन पट्ट्या, आणि आकड्याची गरज नाही. नऊपासून पंधरापर्यंत तीन पट्ट्या कायम ठेवून वर आकडा द्यायचा. याच्या उलट ६/८ मध्ये मात्राच तिहेरी असते, म्हणून तेथे तीन क्वेव्हरला आकडा लागत नाही. दोन समान स्वर बसवायचे झाले तर मात्र वर २ लिहावे लागते. एका टाइम सिग्नेचरमध्ये जे नैसर्गिक, ते दुसऱ्यात आकडा देऊन सांगावे लागते.

भुसावळकर

चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असल्यामुळे माझ्यासमोर जुनी छापील पुस्तके जास्त येतात. त्यांच्याविषयी दोन मुद्दे मांडतो. नवे विद्यार्थी हल्ली जुन्या आवृत्त्या इंटरनेटवरून उतरवून घेतात आणि तेथेच अडखळतात.

पहिला मुद्दा गाण्याच्या ओळीचा. गाण्यासाठी लिहिलेल्या जुन्या संगीतात बीम मात्रेप्रमाणे नसून शब्दाच्या अक्षरांप्रमाणे असतो. एका अक्षराला एक क्वेव्हर असेल तर तो सुटा, शेपटीसह लिहिलेला असतो. एकाच अक्षरावर दोन-तीन स्वर ओढायचे असतील तेवढेच बीमने जोडलेले असतात. खाली पियानोची साथ मात्र मात्रेप्रमाणे जोडलेली असते. त्यामुळे एकाच पानावर वरची ओळ तुटक आणि खालची ओळ गटांची, असे दिसते. वरच्या ओळीतल्या सुट्या शेपट्यांवरून 'हे स्वर तोडून वाजवायचे' असा अर्थ कोणी काढू नये. अलीकडच्या छपाईत गाण्याची ओळही मात्रेप्रमाणेच जोडण्याकडे कल आहे.

दुसरा मुद्दा ट्रिपलेटचा. जुन्या आवृत्त्यांत ३ च्या आकड्याबरोबर चौकोनी कंसाऐवजी स्लरसारखी वक्र रेघ काढलेली असते. विद्यार्थी ती लेगाटोची (स्वर न तोडता सलग वाजवण्याची) खूण समजतात आणि प्रत्येक ट्रिपलेटच्या शेवटी हात उचलतात. मग सलग वाहणारी ओळ तीन-तीनच्या ठोकळ्यांत तुटते. आकड्याला चिकटलेली छोटी वक्र रेघ गटाची असते. आकडा नसलेली, दूरवर जाणारी रेघ स्लरची असते. बीम आणि स्लर हे दोन वेगळे कारभार आहेत आणि ते एकमेकांना छेदून जाऊ शकतात. बीम मात्रा सांगतो, स्लर वाक्य सांगतो, आणि वाक्य मात्रेच्या मध्येच सुरू होऊन पुढच्या बारमध्ये संपणे अगदी स्वाभाविक आहे.

बीम मुळात छपाईत उशिरा रुळला, हेही यानिमित्ताने सांगावेसे वाटते. सोळाव्या शतकात सुट्या खिळ्यांनी संगीत छापत, तेव्हा प्रत्येक स्वराचा खिळा वेगळा असे आणि शेजारच्या दोन खिळ्यांवरून सलग पट्टी नेणे शक्य नव्हते. हाताने लिहिणारे मात्र दांड्या जोडत होते. तांब्याच्या पत्र्यावर अख्खे पान कोरून छापण्याची पद्धत आल्यावर हाताची ही मोकळीक छापील पानावरही आली. खिळे जुळवण्याचे काम ज्यांच्या घरात झाले आहे त्यांना ही अडचण लगेच कळेल.

गोमाई (शहादा)

मी स्वतः शिकणारी आहे, म्हणून प्रश्न विचारते. बेटहोव्हन यांच्या ओपस २७ क्रमांक २ या सोनाटाची पहिली मूव्हमेंट (पहिला भाग) बसवत आहे. तिच्यात सुरुवातीला ट्रिपलेटवर ३ आहे, पुढे आकडा नाहीसा होतो. पुढेही तीनच वाजवायचे हे बीमवरून समजते. पण वरची सुरावट सुरू होते तेथे टिंब दिलेला क्वेव्हर आणि त्याला जोडलेला सेमीक्वेव्हर आहे, आणि खाली ट्रिपलेट चालू आहेत. तो सेमीक्वेव्हर ट्रिपलेटच्या तिसऱ्या स्वराबरोबर वाजवायचा की नंतर? मला दोन जाणकारांनी दोन उत्तरे दिली.

गिरणाकाठ (जळगाव)

गोमाई, प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. आकडा नाहीसा होण्याविषयी आधी सांगते. एकच प्रकारचा गट बारमागून बार येत राहिला तर सुरुवातीच्या काही गटांवर आकडा देऊन पुढे तो गाळण्याची प्रथा आहे. त्या वेळी तीनांचा बीम हाच पुरेसा पुरावा असतो. बीमने आकड्याचे काम केल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

आता सेमीक्वेव्हर. एका क्रॉचेटच्या मात्रेचे बारा समान भाग कल्पा. ट्रिपलेटचे तीन स्वर पहिल्या, पाचव्या आणि नवव्या भागावर सुरू होतात. टिंब दिलेला क्वेव्हर नऊ भाग घेतो, म्हणून त्याच्यामागचा सेमीक्वेव्हर दहाव्या भागावर येतो. म्हणजे ट्रिपलेटचा तिसरा स्वर वाजल्यानंतर अगदी लगेच, पण त्याच्याबरोबर नव्हे. बेटहोव्हन यांचे शिष्य कार्ल चेर्नी यांनीही या जागी सेमीक्वेव्हर ट्रिपलेटच्या शेवटच्या स्वरानंतर वाजवावा असेच लिहून ठेवले आहे. दोन्ही एकदम वाजवले तर सुरावट खालच्या लाटेत विरघळते. थोडे मागे ठेवले तर ती वेगळी तरंगते.

तरीही आपल्याला दुसरे उत्तर देणारे जाणकार निराधार बोलले असतील असे नाही. बाखच्या काळात ट्रिपलेटशेजारी टिंबाची जोडी लिहिलेली असली तर ती बरेचदा ट्रिपलेटमध्ये सामावून, दोनास एक या प्रमाणात वाजवत, कारण क्रॉचेट आणि क्वेव्हर मिळून ट्रिपलेट लिहिण्याची पद्धत तेव्हा सर्वत्र रुळलेली नव्हती. त्यानंतर शंभर वर्षांनीही शोपाँ यांच्या ओपस २८ मधील नवव्या प्रेल्यूडच्या हस्तलिखितात सेमीक्वेव्हर ट्रिपलेटच्या तिसऱ्या स्वराच्या सरळ रेषेत लिहिलेला आढळतो, आणि त्यावरून तो एकत्र वाजवावा असे मत मांडले जाते. म्हणून एकच नियम सर्वांना न लावता रचना कोणाची आणि कोणत्या काळची हे पाहावे. आपल्या सोनाटात मात्र दहावा भाग सोडू नये.

पांझराकाठ (धुळे)

बारा भागांची युक्ती पाहून राहवले नाही. दोन हातांत दोन वेगळे गट असले की हाच मार्ग आहे. तबल्याच्या रियाजातही आम्ही लहानांत लहान समान मोजणी शोधतो.

एका हातात तीन आणि दुसऱ्यात दोन असतील तर मात्रेचे सहा भाग करा. तीनवाला हात १, ३, ५ वर पडेल आणि दोनवाला १, ४ वर. एकूण ऐकू येईल ते असे: दोन्ही, तीनवाला, दोनवाला, तीनवाला. एका हातात चार आणि दुसऱ्यात तीन असतील तर बारा भाग. चारवाला १, ४, ७, १० वर, तीनवाला १, ५, ९ वर. ४ आणि ५ एकमेकांना खेटून येतात, ९ आणि १० ही तसेच, आणि मध्ये ७ एकटा असतो. हे मांडीवर टाळी देत म्हणता आले की मग बोटे ठेवावीत.

मला पियानोवर चार-तीनचा हा मेळ जेथे प्रत्यक्ष येतो असे एखादे ठिकाण सांगाल का?

गिरणाकाठ (जळगाव)

शोपाँ यांचे ओपस ६६, फॅन्टसी-इम्प्रॉम्प्टू. १८३४ मध्ये रचलेले, त्यांच्या मृत्यूनंतर १८५५ मध्ये छापलेले. उजव्या हातात एका बारला सोळा सेमीक्वेव्हर, डाव्या हातात सहा-सहाचे दोन गट. आठास सहा, म्हणजे चारास तीनच झाले. उजवा हात पहिल्या सेमीक्वेव्हरच्या जागी विराम घेऊन सुरू होतो, म्हणून समेवर (पहिल्या मात्रेवर) दोन्ही हात एकत्र पडण्याचा आधारही सुरुवातीला मिळत नाही. तेथे डावा हात हाच ठेका मानून उजवा त्यावर सोडावा लागतो. पूर्ण वेगात बारा भाग मोजणे अशक्य असते. ती मोजणी संथ रियाजापुरती असते, वेग वाढला की प्रत्येक हात आपापल्या गटाच्या पहिल्या स्वरावर लक्ष ठेवून चालतो. गट डोळ्यांना दिसणे किती आवश्यक आहे ते येथे कळते.

भुसावळकर

सहाच्या गटाविषयी एक शंका. वर ६ लिहिलेला गट दोन ट्रिपलेट समजून तीन-तीन वाजवायचा, की दोन-दोनचे तीन?

पांझराकाठ (धुळे)

तत्त्वतः दोन ट्रिपलेट लिहायचे असतील तर ३ आणि ३ असे दोन आकडे द्यावेत आणि आतली पट्टी मध्ये तोडावी. एकच ६ असेल तर सहा स्वर एका दमात, किंवा दोन-दोनचे तीन समजावेत. प्रत्यक्षात रचनाकार हा भेद नेहमी पाळत नाहीत, म्हणून स्वरांची ठेवण पाहावी. सुरावट तीन स्वरांनी दिशा बदलत असेल तर तीन-तीन, दोन स्वरांनी बदलत असेल तर दोन-दोन. सहा मात्रांचे बोल कसे तुटतात हे आम्ही जसे बोलांवरूनच ओळखतो, तसेच.

गोमाई (शहादा)

म्युझस्कोर हे संगीत लिहिण्याचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी लिहिते. टाइम सिग्नेचर दिली की ते बीम आपोआप जोडते आणि नेहमीच्या मापांत बहुधा बरोबर जोडते. ५/८ किंवा ७/८ मध्ये मात्र त्याला आपला विभाग ठाऊक नसतो, म्हणून बीमचे गट हाताने बदलावे लागतात. लांबी निवडून कंट्रोल आणि ३ दाबले की ट्रिपलेट तयार होतो.

मला आता रूपक तालातले एक भजन पियानोसाठी लिहून काढायचे आहे. सात मात्रा ७/८ मध्ये लिहिल्या तर गट ३+२+२ करावेत ना?

गिरणाकाठ (जळगाव)

होय, ३+२+२. विषम गटांच्या लेखनासाठी बेला बार्टोक यांच्या मिक्रोकॉसमॉस या पियानोसंग्रहाचा सहावा भाग अवश्य पाहावा. त्याच्या शेवटी बल्गेरियन लयीतील सहा नृत्ये आहेत, क्रमांक १४८ ते १५३. बार्टोक यांनी टाइम सिग्नेचरमध्येच वर बेरीज लिहिली आहे: १४८ मध्ये ४+२+३, १४९ मध्ये २+२+३, १५१ मध्ये ३+२+३, १५३ मध्ये ३+३+२, आणि खाली ८. नुसते ९/८ लिहिले असते तर वाचणाऱ्याने सवयीने तीन-तीनचे तीन गट मानले असते. बेरीज लिहिल्यामुळे आणि बीम त्याच ठिकाणी तोडल्यामुळे शंकेला जागा राहत नाही. आपला झपताल १०/८ मध्ये लिहिताना २+३+२+३ असेच वर लिहिले तर कोणताही पियानोवादक तो पहिल्या वाचनात बरोबर वाजवेल.

एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. बल्गेरियन लयीत दोन किंवा तीन क्वेव्हरचा पूर्ण गट हीच एक मात्रा असते, आखूड किंवा लांब. रूपकात प्रत्येक मात्रा स्वतंत्र मोजली जाते आणि गट हा विभाग असतो. म्हणून भजनाची लय संथ असेल तर ७/८ ऐवजी ७/४ घेऊन प्रत्येक मात्रेला क्रॉचेट द्यावा. तसे केल्यास मात्रेच्या आतले क्वेव्हर दोन-दोनच्या गटांत येतील आणि विभाग दाखवायला बीम उरणार नाही. तेव्हा तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेनंतर बारच्या आत तुटक उभी रेघ काढावी. मध्य किंवा द्रुत लय असेल तर ७/८ उत्तम.

पांझराकाठ (धुळे)

रूपकाच्या बाबतीत एक सूचना जोडतो. रूपकाची पहिली मात्रा खालीची, म्हणजे टाळीविना दाखवायची, असते आणि टाळी चौथ्या व सहाव्या मात्रेवर येते. पियानो शिकलेला माणूस बारच्या पहिल्या स्वरावर आणि बीमच्या पहिल्या स्वरावर सवयीने वजन देतो. गोमाई ताई, आपण ३+२+२ लिहिले तर तो पहिल्या तिघांच्या गटावर जोर देईल आणि रूपकाचा स्वभावच बदलेल. बीम विभागाची हद्द दाखवतो, त्या हद्दीवर किती जोर द्यायचा हे तो सांगत नाही. म्हणून चौथ्या आणि सहाव्या क्वेव्हरवर ॲक्सेंटची हलकी खूण द्यावी आणि पहिला स्वर खूणेविना ठेवावा. डाव्या हातात पहिल्या मात्रेला खर्जाचा जड स्वर न देता मधल्या सप्तकातला एखादाच स्वर ठेवला आणि खर्ज चौथ्या मात्रेवर आणला, तर रूपक न ऐकलेल्या वादकाच्या हातूनही खाली बरोबर उतरेल.

गोमाई (शहादा)

दोघांचेही आभार. लय मध्य आहे, म्हणून ७/८ घेते आणि खर्ज चौथ्या मात्रेवर नेऊन पाहते. पहिल्या ओळीचा कागद तयार झाला की येथेच टाकते. बीम कोठे तोडले आहेत ते कृपया तपासून सांगावे.